तुटक रेघेवरचे माड

मार्च संपता संपता डॅलसजवळच्या फ्रिस्कोतल्या ओकच्या झाडांना बारीक, लोंबते तुरे येतात आणि आठ-दहा दिवस आमची अख्खी गल्ली पिवळी होऊन जाते. ड्राइव्हवेतल्या गाड्या पिवळ्या, टपालपेट्या पिवळ्या, शेजारच्यांच्या कुत्र्याचं नाकसुद्धा पिवळं. माझा नवरा मंदार या दिवसांत खिडक्या गच्च लावून घेतो, ॲलर्जीच्या गोळ्या खातो आणि प्रत्येक शिंकेनंतर टेक्सासला नावं ठेवतो. मी मात्र सकाळी कामाला निघताना गाडीच्या काचेवरून एक बोट फिरवते. बोटाला लागलेली भुकटी अंगठ्याने हळूहळू चोळते. इतकी मऊ, की हाताला काही लागलंय की नाही तेच कळू नये. वायपर सुरू करायच्या आधीचे ते काही क्षण मी इथे नसते.

मी असते जॉर्डन नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीच्याही खाली, ट्रॅक्टरने वर उचलून धरलेल्या एका लोखंडी पाळण्यात. समोर खजुराच्या झाडाचा शेंडा. ऊन अजून कोवळं. पूर्वेकडे, नदीच्या पलीकडच्या देशातले डोंगर जांभळट, जणू कुणीतरी ओल्या कापडाने नुकतेच पुसलेत. हातात रबरी फुगा लावलेली एक लांब नळी. फुगा दाबला की नळीच्या तोंडातून पांढरट पिवळा धूर निघतो आणि उघडलेल्या फुलोऱ्यावर अलगद बसतो. धूर नव्हे, पराग. त्याला भिजवलेल्या कणकेचा आणि निरशा दुधाचा वास. तो केसांत बसायचा, पापण्यांवर बसायचा. दुपारी जेवताना भाकरीलाही तोच वास यायचा.

या गोष्टीला वीस वर्षं झाली. शेतकी कॉलेज संपवून मी अकरा महिन्यांसाठी इस्राएलला गेले होते. आठवड्याचे पाच दिवस शेतात काम, एक दिवस वर्ग. माझे बाबा दिंडोरीकडे द्राक्षं लावायचे. त्यांना वाटत होतं, पोरगी ठिबक शिकून येईल. ठिबक मी शिकले. त्याशिवाय आणखीही काहीतरी शिकले, पण ते नेमकं काय, हे मला अजून धड सांगता येत नाही.

गाव इवलंसं. साठेक घरं, एक दुकान, एक सभागृह, एक पॅकिंगची शेड. भोवती कुंपण, तोंडाशी लोखंडी फाटक आणि त्यावर पहारा. जमीन ज्याची त्याची, पण पाणी, ट्रॅक्टर, विक्री सगळं सामाईक. बाबांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आपल्या सोसायटीसारखंच की."

"तसंच," मी म्हटलं, "फक्त भांडणं हिब्रूत."

कुंपणाबद्दल मी त्यांना काही सांगितलं नाही. तेव्हा मला ते द्राक्षाच्या बागेच्या कुंपणासारखंच वाटलं होतं.

हे सगळं आता आठवायचं खरं कारण माझी मुलगी ईरा. ती सोळा वर्षांची आहे. शाळेत तिला ओरल हिस्टरीचं काम दिलंय: घरातल्या मोठ्या माणसाला, तो राहिलेल्या एखाद्या जागेबद्दल विचारायचं, ऐकायचं, लिहायचं. मला वाटलं होतं ती नाशिकबद्दल विचारेल. ती म्हणाली, "नाही, ती फार्मची स्टोरी. तू पोलन बघून दरवर्षी स्माइल करतेस ती." शनिवारी सकाळी आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. तिने लॅपटॉप उघडला, फोन रेकॉर्डिंगला लावला आणि आधी नकाशावर ते गाव शोधलं.

तिने नकाशा बोटांनी मोठा केला.

"आई, ही लाइन डॉटेड का आहे?"

मी चष्मा लावून पाहिलं. बाकीच्या देशांच्या सीमा सरळ, काळ्या, भरलेल्या. इथे मात्र तुटक रेघ, आणि आमचं गाव रेघेच्या त्या बाजूला, जी बाजू कुणाची यावर अख्खं जग भांडतं. मी तिला तसंच सांगितलं. तिने मान हलवली, काहीतरी टाइप केलं आणि म्हणाली, "ओके. स्टार्ट."

मी सुरुवात मिलकामावशीपासून केली.

पहिल्याच आठवड्यात गावच्या दुकानात मी पाकिटांवरची हिब्रू अक्षरं न्याहाळत स्वतःशीच पुटपुटत होते, "मीठ कुठे ठेवलंय कोण जाणे." मागून आवाज आला, "खालच्या फळीवर बघ, पोरी."

वळून पाहिलं तर सत्तरीच्या आतबाहेरची, सुती झगा घातलेली, डोक्याला रुमाल बांधलेली ठेंगणी बाई. मिलकामावशी मूळची अलिबागजवळची, बेने इस्राएलींपैकी, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. लग्न करून सतराव्या वर्षी इस्राएलला आली. नवरा गेल्यापासून, ती म्हणायची, मराठी फक्त मांजराशी बोलायची तेवढी उरली होती. त्या दिवसापासून मांजराच्या जोडीला मी आले. तिच्या ओट्यावर बसून मी पोहे खाल्ले, आमसुलाचं सार प्यायले. खजुराच्या झाडांना ती माडच म्हणायची. "माडच हे. फक्त तहानलेले." फुलोऱ्याला ती पोय म्हणायची, नारळाच्या फुलोऱ्याला म्हणतात तशी. वाळवंटात उभी राहून ती पोय म्हणाली की मला समुद्राचा वास यायचा, आणि मी तर समुद्रापासून लांबची.

मी ज्याच्या बागेत काम करायचे तो योराम पन्नाशीचा, कमी बोलणारा, ऊन खाऊन चामड्यासारखा झालेला. शहरातून बाविसाव्या वर्षी इथे आला होता. पहिल्या दिवशी हात पसरून त्याने मला अख्खी बाग दाखवली आणि म्हणाला, "आम्ही आलो तेव्हा इथे काहीच नव्हतं."

त्याच दिवशी दुपारी मुकादमाने, अबू सलीमने, त्याच झाडांखाली बसून मला चहा दिला. तो डोंगरातल्या पॅलेस्टिनी गावातून रोज पहाटे परवाना दाखवून फाटकातून आत यायचा. योरामपेक्षा थोडा मोठा असेल, पांढऱ्या मिशा, बोटं खजुराच्या काट्यांनी चिरलेली. बागेतली निम्म्याहून जास्त रोपं त्याने स्वतःच्या हाताने लावली होती. कुठलं झाड आधी उमलतं, कुठलं रुसतं, कुठल्याला वारा लागतो, त्याला सगळं पाठ. चहाचा घोट घेत तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "मी लहान असताना इथे सगळं होतं. गहू, मेंढ्या, झरा."

मी दोघांचंही ऐकलं आणि दोघांनाही मान डोलावली. तेविसाव्या वर्षी ते जमतं.

खजुराची नर झाडं वेगळी, मादी झाडं वेगळी. वाऱ्याच्या भरवशावर राहिलं तर फळ नीट धरत नाही, म्हणून पराग हाताने न्यावा लागतो. मादी झाडाची पोय उकलली की हाताशी जेमतेम तीन-चार दिवस असतात. नंतर कितीही पराग उडवा, उपयोग नाही. अबू सलीम उकललेल्या पोयीशी तोंड नेऊन आधी वास घ्यायचा, मग म्हणायचा, "आज," किंवा, "उद्या." तो उद्या म्हणाला की योरामसुद्धा वाद घालायचा नाही. त्या दिवसांत बागेत मोठ्याने कुणी बोलत नसे. ट्रॅक्टरचा मंद घरघराट, फुग्यांचे फुस्स फुस्स आवाज, वरून झिरपणारं पिवळं ऊन. मला वाटायचं आपण कुठल्यातरी लग्नघरात आहोत आणि नवरीची झोपमोड होऊ नये म्हणून सगळे हळू चालताहेत.

अशाच एका सकाळी फाटक उघडलं नाही. दूर कुठेतरी काही घडलं होतं आणि सगळे रस्ते बंद झाले होते. बाहेरून एकही कामगार आत येणार नव्हता. किती दिवस, ते कुणी सांगेना. झाडांना अर्थातच हे कळलं नव्हतं. नवव्या ओळीपासून पुढे भराभर पोयी उकलत होत्या.

मग योराम, मी, माझ्याबरोबरचे दोन विद्यार्थी आणि रुमाल घट्ट बांधून आलेली मिलकामावशी, एवढ्यांनी बाग हाती घेतली. पण कुठलं झाड आज आणि कुठलं उद्या, हे आमच्यापैकी कुणालाच कळेना. अबू सलीमने मागे कधीतरी पुठ्ठ्यावर मला आपल्या घरचा फोन नंबर लिहून दिला होता. मी गावाने दिलेल्या मोबाइलवरून तो फिरवला. आधी त्याच्या बायकोने उचलला, मग तो आला.

"कुठे आहेस?" त्याने विचारलं.

"नववी ओळ, चौथं झाड."

"ते सोड. त्याला अजून वेळ आहे. सहाव्याकडे जा. पश्चिमेची पोय उघडलीय का बघ."

उघडली होती. डोंगरापलीकडे आपल्या घरात बसून तो माझ्या डोळ्यांनी झाडं बघत होता. चार दिवस असं चाललं. फोन खांद्याने कानाशी दाबून धरलेला, हातात नळी, आणि कानात त्याचा आवाज: "हळू. खालून वर. आता दुसरी बाजू." त्याच्याकडच्या कोंबड्या ऐकू यायच्या, त्याची बायको मध्येच काही विचारायची. माझ्या आयुष्यात इतक्या एकाग्रतेने मी दुसरं कुठलंच काम केलेलं नाही. आजही माझा हात काही जपून करायला लागला, सुईत दोरा ओवायला किंवा ईराच्या डोळ्यात औषध घालायला, की तो आवाज येतो. हळू. खालून वर.

तिसऱ्या दिवशी दुपारी टेकडीकडची पाण्याची मुख्य नळी फुटलेली सापडली. टाकी रिकामी झाली होती. एक पहारेकरी म्हणाला, आपण दुपारी अबू सलीमची जुनी गाडी टेकडीवर पाहिली. रस्ते उघडले तेव्हा बाकीचे सगळे कामगार परत आले, तो आला नाही. त्याचा परवाना थांबवला होता. चौकशी होईपर्यंत, म्हणाले.

योराम मला म्हणाला, "मला नाही वाटत तो असं करेल." मग म्हणाला, "पण मला काय वाटतं, हा पुरावा नाही."

पुरावा माझ्याकडे होता. ज्या दुपारी ती गाडी टेकडीवर दिसली म्हणत होते, ती अख्खी दुपार अबू सलीम घरच्या फोनवर माझ्याशी बोलत होता.

मी दोन दिवस गप्प बसले.

इथे ईराने टाइप करणं थांबवलं. "व्हाय?"

"घाबरले होते. जाण्याआधी आम्हाला बजावलं होतं, तिथल्या भानगडींत पडायचं नाही. व्हिसा रद्द झाला तर माझ्या बाबांना काय सांगू, असं वाटलं."

तिला व्हिसा हा शब्द या घरात समजावून सांगावा लागत नाही. ग्रीन कार्ड येईपर्यंत ती या भीतीतच मोठी झाली आहे. विमानतळावर आमचे आवाज कसे बदलतात, ते तिने पाहिलंय. ती म्हणाली, "ओके," आणि पुन्हा बोटं कीबोर्डवर ठेवली.

त्या दोनांतल्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मिलकामावशीकडे होते. सण जवळ आला होता, ती घर धुऊन काढत होती. त्या सणाला बाकीचं गाव हिब्रू नावाने ओळखायचं. मावशी मात्र म्हणायची अनाशी ढाकायचा सण, म्हणजे आंबवणाचं भांडं झाकून ठेवायचा. तिच्या आजीचा शब्द. माझ्यापुढचे पोहे तसेच होते.

"काय गो, जेवत का नाहीस?"

मी सगळं सांगून टाकलं. तिने हातातलं फडकं पिळलं, दोरीवर टाकलं, हात पुसले.

"उद्या गावची सभा आहे, त्याच्याबद्दलच," ती म्हणाली. "तू मराठीत बोल. पुढचं माझ्याकडे."

सभागृहात पांढऱ्या नळीदिव्यांखाली गावातली झाडून सगळी मोठी माणसं बसली होती. समितीच्या अध्यक्षबाईंनी कपाळावरचा चष्मा खाली घेऊन कागद वाचला. मग मावशीने मला कोपराने हळूच ढोसलं. मी उभी राहिले. मग मी मराठीत सांगितलं. त्या दुपारी जेवणानंतर मी फोन लावला. ऊन डोंगराआड जाईपर्यंत तो माझ्याशी बोलत होता. मावशी माझं एकेक वाक्य उचलून हिब्रूत ठेवत गेली. अलिबागची बाई आणि दिंडोरीची मुलगी त्या खोऱ्यात उभ्या राहून मराठीत साक्ष देत होत्या आणि माणसं शांत ऐकत होती.

मागून एकजण म्हणाला, "फोन काय, टेकडीवरूनही घेता येतो."

"त्याच्याकडे मोबाइल नव्हता," मी म्हटलं. "घरचा फोन होता. नंबर मी फिरवला. आधी त्याच्या बायकोने उचलला."

मावशीने तेवढं सांगितलं, पण ती तिथे थांबली नाही. माझं बोलणं संपलं तरी ती बोलत राहिली. आवाज चढवला नाही, हात हलवले नाहीत. मला एक शब्द कळत नव्हता. फक्त दिसलं, की योरामने मान खाली घातली आणि अध्यक्षबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग हात वर झाले. तीन हात जास्त पडले. गावाची या माणसाबद्दल तक्रार नाही, असं पत्र परवाना देणाऱ्या कचेरीला पाठवायचं ठरलं.

परत येताना मी विचारलं, "मावशी, शेवटी काय बोललीस?"

"घरचं," ती म्हणाली. एवढंच.

पाच आठवड्यांनी अबू सलीम परत आला. तोवर परागाचे दिवस सरले होते, हिरवे मणी धरले होते. तो आला, सरळ नवव्या ओळीकडे गेला, पाळण्यात चढला आणि मला वर बोलावलं. एक घड हातात धरून त्याने निरखून पाहिला.

"फार पराग मारलास."

"भीती वाटत होती, कमी पडेल म्हणून."

"झाडाला कळत नाही. ते सगळंच धरून बसतं. मग आपल्याला काढावं लागतं." आणि मी जीव लावून धरवलेल्या फळांतली अर्धी त्याने कात्रीने काढून टाकली. उरलेल्यांना मोठं व्हायला जागा हवी म्हणून. हिरवे मणी खाली पडत असताना तो म्हणाला, की सभेत काय झालं ते योरामने त्याला सांगितलं होतं.

"मावशी शेवटी काय म्हणाली?" मी विचारलं.

तो कात्री थांबवून म्हणाला, "ती म्हणाली, ही मुलगी काही महिन्यांनी विमानात बसून निघून जाईल. तरी तिला दोन दिवस घास गेला नाही. आपल्याला इथेच राहायचंय, त्याच्या शेजारी. मग आपल्याला कसा जातो?"

पाळणा वाऱ्याने किंचित हलत होता. मग त्याने बोट दाखवलं. "या ओळीपर्यंत माझ्या वडिलांचा गहू असायचा."

"मग तुम्ही इथे काम कसं करता?"

"दुसरीकडे कुठे करू? इथे निदान रोज बघता येतं." आणि तो पुढच्या घडाकडे वळला.

उन्हाळ्यात ती नळी पुन्हा फुटली. या वेळी योरामने फुटका तुकडा कापून आणला आणि मला दाखवला. त्यावर दातांच्या स्पष्ट खुणा होत्या. साळिंदराच्या. तहानेने ते नळ्या कुरतडतात. तो तुकडा त्याने सभागृहाच्या टेबलावर नेऊन ठेवला. पुष्कळ दिवस तो तिथे पडून होता. येणारेजाणारे पाहायचे. मी असेपर्यंत त्यावर कुणी काही बोललं नाही.

काढणीला मी होते. मधासारखी, हातात फुटणारी फळं. निघायच्या दिवशी मावशीने डब्यात खजूर भरून दिले. ते दिंडोरीला पोचेपर्यंत बॅगेतल्या कपड्यांना त्यांचा वास लागला होता. मग लग्न, डॅलस, मंदारची नोकरी, ईरा. मावशी गेल्याचं तिच्या पुतणीने कळवलं. योरामचं, अबू सलीमचं पुढे काही कळलं नाही. त्या खोऱ्याच्या बातम्या इथे टीव्हीवर येतात, तेव्हा मी त्या उभ्याने पाहते. बसून पाहवत नाहीत. पण बातम्यांत ते जांभळट डोंगर कधी दिसत नाहीत, तो भिजल्या कणकेचा वास येत नाही. मला कधीकधी वाटतं, मी ते गाव स्वप्नात पाहिलं. आणि मग वाटतं, ते स्वप्न मला परवडलं, कारण मला तिथून निघून जाता आलं.

ईराने बराच वेळ टाइप केलं. मग तिने मान वर केली.

"सो ही गॉट हिज जॉब बॅक. आणि लँड?"

"नाही."

"तू त्याबद्दल कुणाला विचारलंस?"

"नाही, बाळा."

मला वाटलं ती चिडेल. तिच्या वयाची मुलं चिडतात, आणि त्यांचं चुकतं असंही नाही. ती फक्त म्हणाली, "वॉज इट राँग? दॅट यू वेंट?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. विचार करून म्हटलं, "मला तिथे फार आनंद झाला होता, ईरा. तो खोटा नव्हता. आणि ती जमीन त्याच्या वडिलांची होती, तेही खोटं नव्हतं. मी दोन्ही लिहायला सांगीन. त्यांची बेरीज मला येत नाही."

तिने ते शब्द जसेच्या तसे लिहिले. मग सगळं वरपासून वाचत गेली आणि एका जागी अडली.

"त्याचं फुल नेम काय? टीचरला सगळ्यांची फुल नेम्स हवीत."

"अबू सलीम."

"आई, ते नेम नाहीये. माझ्या क्लासमधल्या नूरच्या डॅडना सगळे अबू नूर म्हणतात. म्हणजे नूरचे बाबा. त्याचं स्वतःचं नाव काय होतं?"

त्या सभेत अध्यक्षबाईंनी कागदावरून त्याचं पूर्ण नाव वाचलं होतं. चार शब्दांचं लांब नाव होतं, एवढं आठवतं. ते वाचलं जात असताना मी घामेजलेले तळवे ओढणीला पुसत, आपलं पहिलं वाक्य मनात घोकत होते. माझं वाक्य मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे.

"माहीत नाही," मी म्हटलं. "मी कधी विचारलंच नाही."

ईराने कर्सर त्या ओळीवर नेला. मला वाटलं ती ओळ पुसेल.

"राहू दे," ती मराठीत म्हणाली. "ही जागा मी रिकामी ठेवते."